सहा दगडांची परतफेरी

लोक प्रवासवर्णन लिहितात ते काश्मीरचं, नाहीतर युरोपचं. मी लिहिते आहे ते अंधेरी, मनोरी आणि मुलुंडचं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही तिन्ही नावं बसच्या पाटीवर वाचली असतील, पण तिथे उतरून जमिनीकडे कोण बघतं? मी बघितलं. एकदा नव्हे, एकाच महिन्यात दोनदा. पहिल्यांदा गेले ते पगारासाठी. दुसऱ्यांदा गेले ते घाबरून.

आधी माझी ओळख. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, आता मरोळला एका खोलीत तिघं. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, तेव्हापासून मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहेत. मी बी.एस्सी. झाले, भूगर्भशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगायला मला आवडतं.

रिझल्ट लागल्यावर कॉलेजातल्या सरांनी मला त्यांच्या कामावर तीन महिन्यांसाठी मदतनीस घेतलं. काम चांगलं झालं तर पुढे वर्षभर. बाबा म्हणाले, "काम काय?" मी म्हटलं, "दगड गोळा करायचे." बाबांनी आईकडे बघितलं, आईने देवाकडे.

पण दगड म्हणजे नुसते दगड नव्हेत. मुंबईची जमीन लाव्ह्याची आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेली. लाव्हा थिजताना त्यातले लोखंडाचे बारीक कण पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून बसतात आणि तसेच अडकून राहतात. विषुववृत्तापासून जसजसं लांब जावं तसा त्यांचा कल वाढतो, आणि दक्षिणेला तो उत्तरेच्या उलट असतो. म्हणजे दगड थंड झाला तेव्हा तो पृथ्वीवर कुठे होता, हे दगडच सांगतो. सरांचं म्हणणं असं की आपली मुंबई तेव्हा विषुववृत्ताच्या खाली होती, सेशेल्सची बेटं आपल्याला चिकटलेली होती आणि अरबी समुद्र आज आहे तसा नव्हताच. मग जमीन ताणली गेली, फाटली, बेटं तिकडे राहिली, आपण उत्तरेकडे सरकलो. मधल्या फटीतून तळचा रस वर येत गेला, थिजत गेला, त्याचा समुद्राचा तळ झाला. तो तळ अजूनही वाढतो आहे, आपली नखं वाढतात साधारण त्याच चालीने.

आता यात एकच गोम आहे. दगड डोंगरातून काढण्याआधी त्याच्यावर लिहावं लागतं, वर कुठलं आणि उत्तर कुठली. बाण काढायचा, होकायंत्राने कोन मोजायचा, वहीत लिहायचा, मग हातोडा. बाण नसेल तर दगडाच्या आतलं चुंबक कितीही खरं बोललं तरी ते कुणाला कळणार नाही. सरांनी त्यासाठी पांढऱ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश दिला होता.

पहिली फेरी

पहिल्या फेरीबद्दल थोडक्यात सांगते. अंधेरीत गावदेवीच्या डोंगरीखाली, जिथे खाणवाल्यांनी आधीच कडा फोडून ठेवला आहे, तिथे मी पहिला दगड निवडला आणि रंगाचा डबा उघडायला गेले. झाकण उघडेना. नाणं लावलं, छिन्नी लावली, दगडावर आपटलं. ते जाम बसलेलं. पर्समध्ये शिकवणीच्या पोरांसाठी ठेवलेला खडू होता. म्हटलं, आता खडूने काढू, घरी जाऊन रंग चढवू.

अशी मी तीन दिवसांत तीन ठिकाणं केली, प्रत्येक ठिकाणचे दोन दगड, एकूण सहा. कॉलेजात सरांनी प्रत्येकाचा एकेक टवका काढून वय काढायला बाहेरगावी पाठवला. बाणांकडे बघून म्हणाले, "रंग?"

"आज करते, सर."

कॉलेजात दिवाळीच्या सुट्टीत रंगकाम निघालं होतं, म्हणून दगड परत माझ्याकडे आले. सोमवारी ते ट्रॉम्बेच्या बाजूच्या एका प्रयोगशाळेत न्यायचे होते. तिथल्या यंत्रावर सरांनी फार खटपटीने पाळी मिळवली होती. पुढची पाळी कधी मिळेल ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी सहा पिशव्या खाटेखाली सरकवल्या, आणि रंग राहिला तो राहिलाच.

गुरुवारी शिकवणी संपवून घरी आले तर गॅलरीत सुपात सहा दगड उन्हाला मांडलेले. काळेभोर, स्वच्छ, जणू नुकतेच जन्मलेले. बाजूला दोरीवर सहा पिशव्या.

"आई, हे काय केलंस?"

"अगो, देवीच्या डोंगरावरचे धोंडे ते," आई म्हणाली. "असे मळके ठेवतत काय घरात, सणासुदीक? चिंच लावन घासलंय. खडूच्यो रेघो होत्यो, त्यो पण गेल्यो. आता बघ कसे चकचकीत दिसतत."

ती इतक्या कौतुकाने बघत होती की मला ओरडताही येईना. चूक तिची नव्हतीच. घाणेरडी वस्तू आणि ती देवीच्या जागेवरची, आमच्या घरात अशी वस्तू धुतल्याशिवाय राहत नाही. चूक माझी होती. मी सुपाशेजारी बसले आणि बी.एस्सी. न झालेली बाई रडते तशीच रडले.

वहीत कोन लिहिलेले होते. पण कोन ज्या रेघेचा, ती रेघच दगडावर नव्हती. मनात आलं, आठवेल तसे बाण काढावेत. कुणाला कळणार आहे? हे मनात आलं हे मी लपवत नाही. नवे दगड फोडावेत असंही आलं, पण टवके या दगडांचे गेले होते. वय एकाचं आणि दिशा दुसऱ्याची, हे सर कधीच चालवून घेणार नाहीत.

बाबा पाळीवरून आले. सगळं ऐकून घेतलं. एक दगड उचलून त्याच्या तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "ह्यो जंयसून काडलंस, थंय खळगो असतलो मां?"

"असणारच."

"मगे? रडान काय धोंडे बोलतले? मी येतंय वांगडा."

अंधेरी, शुक्रवार

बाबांची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी सातलाच निघालो. तीन ठिकाणचे दगड वेगळे काढायला मला त्रास पडला नाही. अंधेरीचा काळा आणि घट्ट, मनोरीचा फिका, मुलुंडच्यात पांढरे ठिपके. प्रश्न होता खाचा शोधायचा.

गावदेवीची डोंगरी तुम्ही पाहिली नसेल तर जरूर पाहा. सपाट वस्तीतून एकदम उभा राहिलेला काळा खांब, आणि तो एक खांब नव्हे, शेकडो खांबांची मोळी. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो, त्याचे असे कोन पडतात. वर देऊळ, खाली झोपड्या, मध्ये खांबांना बांधलेल्या दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. आमच्या गावी देवीच्या डोंगराला कुणी कपडा लावणार नाही. इथे देवीला सगळ्यांची धुणी चालतात. बाबांनी खालूनच हात जोडले.

पहिल्या फेरीत मी इथे वीस मिनिटं होते. आता पाऊण तास झाला तरी जागा सापडेना. सगळाच कडा फुटलेला, सगळ्याच खाचा सारख्या. मी वही उघडून वाचत होते, बाबा कड्यावर हात फिरवत पुढे सरकत होते. एका जागी थांबून म्हणाले, "ही ताजी आसा. बाकीचेर धूळ बसली हा."

दगड लावला. बसला नाही. फिरवला, उलटा केला, नाही. मी घाईने ढकलायला लागले तर बाबांनी माझा हात बाजूला केला. डोळे मिटून त्यांनी आधी खाचेची कड चाचपली, मग दगडाची, मग पुन्हा खाचेची.

"साच्यार तार तुटली काय डोळ्यांनी सोदूक बसलंस तर कापड गेला," ते म्हणाले. "बोटाक कळता."

दगड त्यांनी थोडा कलता धरला आणि आत सरकवला. टक् असा आवाज झाला. इतका बारीक की दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. मी हात काढून घेतला तरी दगड पडला नाही. सांध्यात नख जाईना.

होकायंत्र लावून कोन मोजला आणि वहीत बघितला. अगदी तोच. तेव्हा मी जी हसले, ती बघून वरच्या झोपडीतली बाई विचारायला आली की काही सापडलं का. या खेपेला रंगाचा नवा डबा होता, आणि तो घरूनच उघडून आणला होता. बाण काढला, सुकेपर्यंत फुंकर मारत बसले. दुसरा दगड दहा मिनिटांत बसला. बाबा पाळीवर वेळेत पोचले.

मनोरी, शनिवार

बाबांनी शनिवार-रविवारची रजा टाकली. मालाडहून मार्वे, आणि मार्व्याहून होडीने खाडी ओलांडून मनोरी. पाच-सात मिनिटांचं पाणी, पण पलीकडे उतरल्यावर मुंबई मागे राहते. ताडाची झाडं, क्रूस, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यांचा वास. बाबांनी होडीतून उतरताच खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "गावाक इल्यासारख्या वाटता." गिरणी सुटल्यापासून मी त्यांच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं.

वाट मात्र लागली होती. भरती होती. माझ्या दोन्ही खाचा पाण्याखाली. पहिल्या खेपेला मी योगायोगाने ओहोटीला आले होते आणि त्याचा मला पत्ताच नव्हता! भूगर्भशास्त्राची पदवीधर, आणि भरतीची वेळ विचारून निघाले नाही.

बोंबील उलटे करत असलेल्या एका कोळीण मावशींनी आमच्याकडे बघून विचारलं, "काय हरवलंय गं?"

"दगडाची जागा शोधतेय, मावशी."

"दगड हाये ना तुझ्या हातात? मग जागा कशाला पायजे?"

मी सांगायला सुरुवात केली. दगडाचं तोंड, चुंबक, आणि शेवटी हेही सांगितलं की हा समोरचा समुद्र तेव्हा नव्हताच, जमीन फाटली म्हणून झाला. त्यांनी बोंबील खाली ठेवला. "समुद्र नव्हता? आनि मासळी कुठं होती?"

"दुसऱ्या समुद्रात."

"कोळी पन मग तिथंच असतील," असं म्हणून त्यांनी बाबांना बसायला फळी दिली. "दुपारी एकनंतर पानी उतरंल. तोवर खा कायतरी."

त्यांनी सुके बोंबील निखाऱ्यावर भाजले, लसूण-मिरची ठेचून वर घातली, तांदळाची भाकरी दिली. आमच्याकडे सुक्या बोंबलाला खोबरं लागतंच, बाबांनी तसं बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाल्या, "खोबरं घालून वास लपवता तुमी." बाबांनी दुसरी भाकरी मागून घेतली, यावरून काय ते समजा.

दीडच्या सुमाराला खडक उघडे पडले. हा खडक फिका, काळ्या लाव्ह्याच्या मागून आलेला, जमीन ताणली जात होती त्या काळातला. त्याच्यावर उभं राहून पश्चिमेकडे बघितलं की पाणीच पाणी, आणि त्या पाण्याच्या पलीकडे कुठेतरी याच फाटलेल्या जमिनीची दुसरी कड. पण बघत बसायला वेळ नव्हता, मी वही उघडून खाच शोधायला लागले.

सापडली. आत वाळू भरली होती आणि एक खेकडा राहायला आला होता. बाबांनी त्याला काडीने बाहेर काढलं, त्याने जाता जाता बाबांच्या अंगठ्याला चावा घेतला. पहिला दगड बसला. दुसरा बसेना. तास-दीड तास गेला, लाटा पुन्हा जवळ यायला लागल्या. मी म्हटलं, "बाबा, झिजली असेल कड लाटांनी." ते म्हणाले, "धा दिवसांत?" आणि मग मला उमगलं. सरांनी टवका काढल्यामुळे जी बाजू ताजी फुटलेली दिसत होती, तीच मी आत घालत होते. ती बाजू बाहेरची! दगड फिरवला आणि टक्. घोटाभर पाण्यात उभं राहून मी कोन मोजला, बाण रंगवला आणि दगड डोक्यावर धरून बाहेर आले. बाबांची एक चप्पल लाटेबरोबर गेली. होडीत ते दुसरी चप्पल हातात घेऊन बसले होते आणि अधूनमधून आपल्याशीच हसत होते.

मुलुंड, रविवार

रात्री झोप नीट लागली नाही. कारण मुलुंडचे दोन दगड एका चालू खाणीतले होते. डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला खडीची खाण, रोज दुपारी सुरुंग. मी तिथे जाऊन दहा दिवस झाले होते. त्या खाचा एव्हाना खडी होऊन कुठल्या तरी रस्त्यात पडल्या असणार, हे मला माहीत होतं. बाबांना बोलले नाही. मला वाटतं, त्यांनाही ते कळलं होतं, कारण सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "चार तर झाले मां?" चार पुरणार नव्हते. मुलुंडचे थर सगळ्यांत खालचे, त्यांच्याशिवाय सरांचं काम अर्धं.

खाणीत पोचलो तर उरलासुरला धीरही गेला. जिथे मी चढले होते तो सगळा पुढचा भाग नाहीसा झाला होता. मोठी पांढरी जखम आणि खाली दगडांचा ढीग. ड्रिल मशिनला दसऱ्याचा झेंडू अजून बांधलेला, वाळून तपकिरी झालेला. मी तिथेच उभी राहिले. आईला सांगायला काय शब्द वापरायचे ते शोधत होते, कारण तिला असं वाटू द्यायचं नव्हतं की हे तिच्या हातून झालं.

तेवढ्यात मुकादम आला. पहिल्या खेपेला यानेच मला वर चढायला वाट दाखवली होती, सोलापूरकडचा, डोक्याला पंचा. मला बघून तो धावतच आला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, आलात का! लई बरं झालं. आता तरी सांगा, आमी काय करायचं?"

"कशाचं?"

"तुमी खूण करून गेलात न्हवं? पांढरी? म्हटलं सरकारी माप हाय. मालकाला सांगितलं, त्या अंगाला सुरुंग लावायचा न्हाई, उद्या नोटीस आली म्हंजे? धा दिस झालं, तेवढा कोपरा सोडून काम करतुया."

मी वळून बघितलं. खाणीच्या डाव्या कोपऱ्यात, सगळीकडून पोखरलेला एक सुळका एकटाच उभा होता, माणसाच्या उंचीचा. त्याच्यावर माझ्या खडूची रेघ. दगडावरचा बाण काढताना तो लांब गेला होता आणि त्याचं शेपूट मागे खडकावरच राहिलं होतं. पाऊस नाही, लाटा नाहीत, आई नाही. जशीच्या तशी.

बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मुकादमाला वाटलं आम्ही त्याला हसतो आहोत. मी त्याला सगळं खरं सांगितलं, की मी सरकारी नाही, मोठी नाही, तीन महिन्यांची मदतनीस आहे. त्याने डोक्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "म्हंजे धा दिस आमी एका पोरीच्या खडूला भिऊन होतो!" मग बाबांकडे वळून, "पर पोरगी शिकलीया हां तुमची. रेघ सरळ हाय."

दोन्ही दगड पहिल्या फटक्यात बसले. एकावर काढलेला नवा बाण तर खडकावरच्या शेपटाला नेमका जुळला. कोन मोजून झाल्यावर मी बाबांना त्या सुळक्यातले थर दाखवले, पश्चिमेकडे कललेले. समुद्र उघडताना जमिनीची कड खाली वाकली, त्याचा हा कल. बाबा ताट कलतं धरावं तसा हात धरून बघत राहिले. "मगे आपली खोली पण कलती आसा म्हणायची," ते म्हणाले. मुकादमाने चहा पाजला, दुपारच्या सुरुंगाची शिटी होईपर्यंत आम्हाला लांब नेऊन बसवलं, आणि आमच्या डोळ्यांसमोर तो सुळका उडाला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

परत मरोळ

सोमवारी मी सरांना दगड दिले आणि घडलेलं सगळं सांगितलं, चिंचेसकट. सरांनी एकेक दगड उचलून त्यावरचा बाण बघितला. मग म्हणाले, "अंदाजाने काढले असतेस तर सहा दगडांनी सहा दिशा दाखवल्या असत्या. बघू काय म्हणतात."

निकाल यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी कसे काढले ते लिहीत नाही. थरांचा कल वजा केल्यावर सहाही दगड एकाच दिशेला बोलले. जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेची, तिथे थंड झालेले. सरांनी नेमणूक वर्षभर वाढवल्याचा कागद माझ्या हातात दिला आणि अंधेरीचा एक दगड, काम झालेला, ठेवून घे म्हणाले.

घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की मुंबई दक्षिणेकडून आली आहे आणि आपला अर्धा तुकडा सेशेल्सला राहिला आहे. बाबा जेवता जेवता थांबले. "थंय खळगो आसतलो मां? कोणीतरी सरकारी खूण म्हणान जपलेलो आसतलो."

आईने तो दगड माझ्या हातातून घेतला. या वेळी तिने मला आधी विचारलं, धुऊ का म्हणून. मी हो म्हटलं. तिने तो ओल्या फडक्याने पुसला, रंगाच्या बाणाला बोटही न लावता, कडेकडेने. मग गॅलरीत तुळशीच्या कुंडीशी नेऊन ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, आणि मला हाक मारली.

"ह्याचा तोंड खंय करू गो?"

मी होकायंत्र घेऊन बाहेर गेले.